वाचक विचारतात: आल्प्सच्या धारेवरचा खडीचा रस्ता

इटलीत तुरिनच्या पश्चिमेला सूझा आणि किझोने या दोन खोऱ्यांच्या मधली जी उंच धार आहे, तिच्यावरून आसिएत्ता हा जुना लष्करी रस्ता जातो. त्याच्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आम्ही चौघं मित्र जुलैअखेर तुरिनहून दोन दुचाकींवर निघणार आहोत. आसिएत्ता कुठून सुरू करावा? एका दिवसात होतो का?
— पुणे

एका दिवसात आरामात होतो, पण आधी वार बघा. जुलै-ऑगस्टमध्ये दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच हा रस्ता मोटारी आणि दुचाकींसाठी बंद असतो. त्या वेळेत तो सायकलवाल्यांचा आणि पायी फिरणाऱ्यांचा. तुमचं बुकिंग शनिवारचं असेल तर ते आजच बदला. हंगामाचंही तसंच आहे. बर्फ हटवून डागडुजी झाली की रस्ता खुला होतो, म्हणजे साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला, आणि ऑक्टोबरच्या शेवटी बंद होतो. तारखा दरवर्षी तुरिन महानगर प्रशासन जाहीर करतं. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांचा आदेश वाचायलाच हवा, कारण एका रात्रीच्या पावसात दरड आली तरी रस्ता बंद होतो.

आमची शिफारस सूझा गावाहून सुरुवात करण्याची आहे. सूझा साधारण 500 मीटर उंचीवर आहे. तिथून कोल्ले देल्ले फिनेस्त्रे ही 2178 मीटरची खिंड चढायची. अंतर साडेअठरा किलोमीटर. आधी जंगलातून अरुंद डांबरी रस्ता आणि एकामागून एक वळणं, मग शेवटचे सुमारे आठ किलोमीटर खडी. ‘जिरो द’इतालिया’ ही सायकल शर्यत 2005 साली पहिल्यांदा या खडीवरून गेली, तेव्हापासून या घाटाचं नाव जगभर झालं. खिंडीपलीकडे डांबरी उतार आहे. तो उतरताना पियान देल’आल्पे या कुरणांच्या पठारापाशी उजवीकडे आसिएत्ताचा फाटा लागतो. तिथून सेस्त्रिएरे या डोंगरी गावापर्यंत जवळपास 35 किलोमीटर कच्चा रस्ता, बहुतेक सगळा 2000 मीटरच्या वर. वाटेत कोल्ले देल’आसिएत्ता 2474 मीटरवर, मग लाउझोन, ब्लेजिए, कोस्ता पियाना, बासेत अशा खिंडी एकापाठोपाठ एक येतात.

ही दिशा सांगण्याचं कारण साधं आहे. सकाळी पश्चिमेकडे जाताना ऊन पाठीशी राहतं. उलट दिशेने सकाळी गेलात तर कमी उंचीवरचं ऊन थेट डोळ्यांत येतं आणि धुळीने माखलेल्या व्हायझरमधून पुढची खाच दिसत नाही. वेगमर्यादा ताशी 30 आहे, पण प्रत्यक्षात सरासरी 15 ते 20 पडते. आसिएत्ताला न थांबता अडीच तास धरा, थांबत गेलात तर चार. सूझाहून सकाळी सातला निघा आणि दोनच्या आत सेस्त्रिएरेला उतरा. उन्हाळ्यात दुपारनंतर या धारेवर गडगडाटी पाऊस जमतो. विजा पडतात तेव्हा उघड्या धारेवर आडोसा म्हणून काहीच नसतं. ढग फुलकोबीसारखे वर चढताना दिसले की फोटोसाठी थांबू नका.

आसिएत्ताच्या खिंडीपाशी मात्र जरूर थांबा. 19 जुलै 1747 रोजी पिएमोंतेच्या, म्हणजे तुरिनभोवतीच्या प्रांताच्या, फौजेने याच धारेवर फ्रेंचांचा हल्ला परतवला. तुम्ही त्याच सुमाराला जात आहात, तेव्हा लढाईच्या स्मरणार्थ होणाऱ्या कार्यक्रमामुळे एखाद्या दिवशी रहदारीवर वेगळे निर्बंध असू शकतात, तेही तपासा.

लडाख दोनदा केलं आहे. 2500 मीटर म्हणजे आमच्यासाठी काहीच नाही. वेगळी तयारी खरंच लागते का?
— कोल्हापूर

उंचीची लागत नाही, रस्त्याच्या बाजूची लागते. तुम्ही आयुष्यभर डावीकडून गाडी चालवलीत. डांबरी रस्त्यावर उजवीकडून चालणं एका दिवसात जमतं. अडचण येते ती अचानक समोर वाहन आल्यावर, कारण तेव्हा हात विचार न करता डावीकडे वळतात. इटलीत डावीकडे म्हणजे समोरच्याच्या अंगावर. एकपदरी कच्च्या रस्त्यावर सगळेच मधल्या चाकोरीतून येतात, म्हणून ही वेळ दिवसातून अनेकदा येते. पहिला अर्धा दिवस प्रत्येक आंधळ्या वळणाआधी ‘उजवीकडे’ असं स्वतःला मोठ्याने सांगा. हेल्मेटच्या आत कोणाला ऐकू जात नाही.

दुसरी गोष्ट वळणांची. आपल्या घाटात डावं वळण आतलं आणि तीव्र, उजवं वळण बाहेरचं आणि ऐसपैस. तिथे नेमकं उलट. चढावरचं उजवं यू-वळण सगळ्यांत अवघड, कारण तुमची बाजू आतली असते. आतल्या कडेला चढ सर्वांत उभा असतो आणि वर जाणाऱ्यांच्या चाकांनी तिथली खडी उकरून खड्डा पाडलेला असतो. वरून कोणी येत नसेल तर वळणाआधी रस्त्याच्या मध्याकडे सरका आणि रुंद घेऊन वळा. फिनेस्त्रेच्या उघड्या भागात वरचा टप्पा खालून दिसतो. वळणात शिरण्याआधी मान वर करून धूळ उडते आहे का ते पाहा.

भाड्याने दुचाकी किंवा गाडी घेतली तर अशा रस्त्यावर नेता येते का? परवाना कोणता लागतो?
— नाशिक, ठाणे, डोंबिवली

परवान्याचं आधी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो तुमच्या आरटीओकडून मिळतो, अर्ज नमुना 4-ए, ‘सारथी’ पोर्टलवरूनही करता येतो, मुदत एक वर्ष. त्यावर दुचाकीच्या रकान्यात शिक्का आहे ना, हे खिडकीतच तपासा. मूळ परवान्यावर फक्त मोटारीची नोंद असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना दुचाकीला चालत नाही. मूळ परवानाही सोबत ठेवा, नुसत्या पुस्तिकेवर भागत नाही.

हेल्मेट नेणार असाल तर त्यावर ईसीई या युरोपात चालणाऱ्या मानकाच्या मान्यतेची खूण हवी. नुसती आयएसआय खूण इटलीत ग्राह्य नाही. ती नसेल तर हेल्मेट तिथेच भाड्याने घ्या.

आता खरा मुद्दा. भाड्याच्या मोटारींच्या बहुतेक करारांत ‘डांबर नसलेल्या रस्त्यावर विमा लागू नाही’ असं कलम असतं. पूर्ण विमा घेतला तरी टायर, काच आणि गाडीची खालची बाजू त्यातून वगळलेली असते, आणि खडीच्या रस्त्यावर नुकसान नेमकं याच तिघांचं होतं. दुचाकी भाड्याने देणारे काही जण कच्च्या रस्त्याला परवानगी देतात. ती तोंडी घेऊ नका. ईमेलमध्ये रस्त्याचं नाव लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. गाडी ताब्यात घेताना रिमच्या कडा, इंजिनखालची पत्र्याची ढाल आणि आरसे यांचे फोटो काढा.

पेट्रोल पंपावर एक नाव डोक्यात पक्कं ठेवा. ‘गासोलियो’ म्हणजे डिझेल. ‘बेंझिना’ म्हणजे पेट्रोल. पेट्रोलवर गोल खूण असते, त्यात ई5 किंवा ई10 लिहिलेलं. डिझेलवर चौकोनात बी7. धारेवर पंप नाही. सूझात टाकी पूर्ण भरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना दुचाकी नेहमीच्या दीडपट पेट्रोल पिऊ शकते.

माझी मोठी ॲडव्हेंचर बाइक आहे, मागे पत्नी आणि दोन पेट्या. टायर कोणते, हवा किती?
— मूळ सांगली, सध्या म्युनिक

खोल नक्षीचे ऑफ-रोड टायर कोरड्या हवेत गरजेचे नाहीत. अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे असे टायर पुरतात, फक्त मागच्याची नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक हवी. गुळगुळीत झालेला टायर खडीवर फार लवकर फाटतो, कारण टोकदार दगड आणि टायरचं कापड यांच्यामध्ये रबरच उरलेलं नसतं.

हवेचं गणित नीट समजून घ्या. समजा डांबरी रस्त्यावर दोघं आणि सामान धरून पुढे 2.5 आणि मागे 2.9 बार, म्हणजे 36 आणि 42 पीएसआय सांगितली आहे. खडी सुरू होण्याआधी ती पुढे 2.0 आणि मागे 2.3 पर्यंत उतरवा. एकटे असाल तर 1.8 आणि 2.0 चालतं. हवा कमी केल्यावर टायर जमिनीवर पसरतो, दगडावर आपटून उडण्याऐवजी त्याला पोटात घेतो आणि हँडलची थरथर कमी होते. पण पेट्या आणि मागची व्यक्ती असताना 2.0 च्या खाली उतरू नका. हवा फार कमी असेल तर आडव्या दगडावर टायर रिमपर्यंत दबतो. ट्यूब असेल तर तिला शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात, ट्यूबलेस असेल तर रिमची कडच वाकते आणि हवा राहत नाही. वाकलेल्या रिमला तिथे वर इलाज नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. सेस्त्रिएरेला डांबर लागलं की पुन्हा भरायची, म्हणून 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि हवामापक जवळ असू द्या. कमी हवेने महामार्गावर वेगात गेलात तर टायर तापतो.

पंक्चरसाठी: ट्यूबलेसला प्लगचा संच, किमान पाच प्लग. ट्यूबच्या चाकाला पुढच्या मापाची एक ट्यूब, तीन टायर-लिव्हर आणि ॲक्सलच्या नटाचा पाना. अडचणीत पुढची ट्यूब मागे बसवून सावकाश खाली उतरता येतं, मागची पुढे बसत नाही.

पेट्यांमधलं वजन तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवा. वरच्या मागच्या पेटीत जड काही नको, नाहीतर चढावर पुढचं चाक हलकं होऊन वळतच नाही. आणि फिनेस्त्रेची खडी उतरायची वेळ आलीच, तर पत्नीला अवघड वळणांपुरतं चालत उतरू द्या. त्यात काही कमीपणा नाही.

खडीवर ब्रेक कसा मारायचा? एबीएस बंद करावी असं सगळे सांगतात, खरं आहे का?
— चिंचवड, छत्रपती संभाजीनगर

मागची बंद करा, पुढची चालू ठेवा. तुमच्या गाडीत असा ऑफ-रोड मोड असेल तर तोच निवडा. त्याचं कारण असं: सैल खडीवर चाक अडकलं की त्याच्यापुढे खडीचा छोटा ढीग साचतो आणि तो ढीगच गाडी थांबवतो. एबीएस चाकाला अडकू देत नाही, त्यामुळे ढीग साचत नाही आणि थांबायला जास्त अंतर लागतं. उतारावर लिव्हर दाबलेला असतो आणि गाडी मात्र जातच राहते, असं वाटून माणूस घाबरतो. मागचं चाक थोडं घसरलं तरी गाडी सरळ राहते, पायाखालचा दाब सैल केला की चाक पुन्हा फिरू लागतं. पुढचं चाक अडकलं तर मात्र क्षणात पडणं होतं, म्हणून पुढची एबीएस राहू द्या.

वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच सोडलेला, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. क्लच दाबून उतरणं ही सर्वांत महागात पडणारी सवय. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो, जुन्या ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत मऊ जातो. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. दोन वर्षांहून जुनं ऑइल असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. वाटेत लिव्हर मऊ लागला तर थांबा आणि ब्रेक निवू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

पुढचा ब्रेक एका किंवा दोन बोटांनी, हळूहळू दाब वाढवत. आधी पुढचा सस्पेन्शन दबू द्या, मग जोर द्या. एकदम दाबलेला ब्रेक आणि खडी म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर पाय पडल्यासारखं होतं.

फूटपेगवर उभं राहणं शोभेसाठी नाही. बसून असताना गाडीचा प्रत्येक धक्का तुमच्या वजनासकट मागच्या चाकावर आदळतो. उभं राहिलं की गुडघे तो धक्का घेतात, गाडी खाली मोकळी हलते. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरा, कोपर बाहेर, हँडल सैल. हँडल घट्ट आवळलं की पुढच्या चाकाची प्रत्येक लहान घसरण तुम्हीच मोठी करता. नजर पंधरा-वीस मीटर पुढे. दरीकडच्या कडेकडे पाहत राहिलात तर गाडी तिकडेच जाते.

आसिएत्तावर पाणी वाहून जायला ठिकठिकाणी रस्त्याला आडवे चर केलेले आहेत. त्यांना तिरकं गेलात तर पुढचं चाक चराच्या दिशेने ओढलं जातं. शक्य तितकं काटकोनात घ्या, चराआधी ब्रेक सोडून द्या आणि ओलांडताना थोडा थ्रॉटल द्या.

चढाच्या वळणात गाडी बंद पडली तर घाईने क्लच दाबू नका, गाडी मागे घरंगळते. क्लच सोडलेलाच ठेवा, गिअरमधलं बंद इंजिन मागचं चाक धरून ठेवतं. पुढचा ब्रेक दाबा. जमीन ज्या बाजूला वर चढते त्या बाजूचा पाय टेका. उताराकडचा पाय टेकायला गेलात तर जमीन तुमच्या अपेक्षेपेक्षा एक वीत खाली असते आणि गाडी तिकडे कलते. मग क्लच दाबून इंजिन सुरू करायचं, थोडा थ्रॉटल द्यायचा, क्लच निम्मा सुटेपर्यंत ब्रेक धरायचा आणि सोडायचा.

पाऊस पडून गेला असेल तर वरचं सगळं विसरा आणि वेग निम्मा करा. आसिएत्ताचा खडक पापुद्र्यांचा, मऊ. त्याची बारीक माती भिजली की साबणासारखी निसरडी होते, टायरची नक्षी भरून जाते.

साधी छोटी मोटार जाईल का? समोरून गाडी आली तर मागे कोणी घ्यायची?
— रत्नागिरी

स्वतःची किंवा परवानगी असलेली असेल तर कोरड्या हवेत आसिएत्तावर साधी मोटार जाते. चारही चाकांना जोर असलेली गाडी सोयीची, पण अडते ती जमिनीपासूनची उंची. फार खाली बसणारी गाडी आडव्या चरांवर पोट घासते. टायरमधली हवा 0.3 ते 0.4 बारने कमी करा, ऑटोमॅटिक असेल तर उतारावर हाताने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धरा.

इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार डोंगरी रस्त्यावर दोघांना एकदम जाता येत नसेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. चढणाऱ्याच्या जवळच थांबायला जागा असेल तर मात्र त्याने तिथे थांबायचं. व्यवहारात, ज्याच्या मागे रुंद जागा जवळ आहे त्याने मागे घेणं शहाणपणाचं. म्हणून प्रत्येक रुंद जागा ओलांडताना ती लक्षात ठेवा. मागे घेताना सोबत्याला खाली उतरवून दरीकडच्या चाकावर लक्ष ठेवायला सांगा. कडेची माती वरून घट्ट दिसते आणि खालून पावसाने पोखरलेली असते, तिच्यावर चाक नेऊ नका.

धुळीचा इंजिनला आणि चेनला किती त्रास?
— सोलापूर

एका दिवसात इंजिनला फारसा नाही. पुढच्या गाडीच्या धुळीत चालत राहू नका, धूळ बसेपर्यंत थांबा. त्यात तुमच्या फुप्फुसांचंही भलं आहे. परत आल्यावर एअर फिल्टर काढून पाहा. कागदी असेल तर झटकून भागत नाही, बदला. चेनला खडीआधी तेल घालू नका. ओल्या तेलात धूळ बसून घासणारी लुगदी होते आणि ती चेनच्या कड्या खाते. चेन कोरडी पुसून जा, संध्याकाळी साफ करून मगच तेल द्या.

उंचीवर गाडी ओढत नाही म्हणतात. आणि डोकं दुखतं का?
— अमरावती

2500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तीन-चतुर्थांश राहतो, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद जवळपास चौथ्या हिश्शाने कमी होते. फ्युएल इंजेक्शन असेल तर पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळतं, तुम्हाला फक्त एक गिअर खाली ठेवावा लागतो. कार्ब्युरेटरची जुनी गाडी मात्र जास्त पेट्रोल पिते, धूर काढते आणि चढावर बंद पडते.

सूझातून दोन तासांत वर जाता, म्हणून काहींचं डोकं जड होतं. पाणी माणशी दोन लिटर ठेवा. सूझात 30 अंश असतील तर धारेवर साधारण 17, आणि वारा वेगळा. पावसाचा डगला आणि जाड हातमोजे पेटीच्या वरच्या थरात ठेवा.

विया देल साले की आसिएत्ता?
— पणजी

पहिल्यांदा खडीवर जात असाल तर आसिएत्ता. विया देल साले हा असाच दुसरा जुना खडीचा रस्ता, लिमोने पिएमोंते गावाच्या वर कोल्ले दि तेंदा या खिंडीपासून मोनेझी गावापर्यंत जातो, सुमारे 39 किलोमीटर, आणि अधूनमधून फ्रान्समध्ये शिरतो, कारण 1947 च्या तहानंतर सीमा याच धारेवर सरकली. तिथला दगड चुनखडीचा, टोकदार. टायर कापणारा. काही ठिकाणी रस्ता कड्यातच कोरलेला आहे. दृश्य म्हणाल तर आमच्या मते तो आसिएत्तापेक्षा सरस. त्यासाठी तिकीट लागतं, दिवसाला ठरावीकच वाहनं सोडतात, आणि मंगळवारी व गुरुवारी मोटारी-दुचाकींना बंद असतो. ऑगस्टमध्ये तिकीट आधी ऑनलाइन काढा.

दोन्ही रस्त्यांवर गुरं आणि मेंढ्या चरायला असतात. कळपासोबतचे मोठे पांढरे कुत्रे लांडग्यांपासून राखण करतात. कळप रस्त्यावर असेल तर इंजिन बंद करा आणि तो जाईपर्यंत थांबा. कुत्रा भुंकत आला तरी वेग वाढवून पळू नका. मुख्य रस्ता सोडून लाल कडेच्या गोल पांढऱ्या पाटीमागच्या वाटेत शिरू नका, ती बंदीची खूण आहे. आल्प्समधले कितीतरी जुने लष्करी रस्ते वाहनांसाठी कायमचे बंद झाले आहेत. हे दोन खुले राहावेत असं मनापासून वाटत असेल तर गवतावर गाडी घालू नका, आणि मेंढपाळाच्या झोपडीपुढून जाताना धूळ उडणार नाही इतक्या सावकाश जा.